गोरखा जिल्ह्यात तूरडाळ नेऊ नका

नेपाळ सीमेवर, बिहारमधल्या रक्सौलला टपरीवर चहा पिताना आम्ही टूना माशावर पोटभर हसलो होतो. त्याच सुमारास नेपाळचे तेव्हाचे अर्थमंत्री रामशरण महत वैतागून म्हणाले होते की भूकंपाची मदत म्हणून टूना आणि मेयोनीज येतंय, त्याचं आम्ही करायचं काय? धान्य, मीठ, साखर पाठवा. आमच्या ट्रकमध्ये तांदूळ, पोहे, मीठ, ताडपत्र्या आणि दीड टन तूरडाळ होती. म्हटलं, आपलं बरोबर आहे. हसं व्हायची पाळी आमची होती, ती पुढे आलीच.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचं केंद्र गोरखा जिल्ह्यात, बारपाकजवळ. आम्ही पुण्याचे चौघं. दोन सोसायट्या आणि एका व्यायामशाळेने जमवलेला नऊ टन माल घेऊन ७ मेला सीमेवर पोचलो. विमानाचा विचार आधीच सोडला होता. काठमांडूला धावपट्टी एकच. ती जड विमानांनी खचायला लागली म्हणून १९६ टनांवरच्या विमानांना ३ मेपासून बंदी आली. तेव्हा आमच्यासारख्यांनी रस्त्यानेच जावं.

सीमेवर आमचे चार दिवस गेले, आणि चूक आमची. यादीत लिहिलं होतं 'खाद्यपदार्थ व इतर साहित्य'. भन्साराला (तिकडे कस्टमला भन्सार म्हणतात) हे 'इतर' चालत नाही. किती पोती, पोत्यात काय, वजन किती, कोणाकडे जाणार, सगळं वेगवेगळं लागतं. शिवाय माल ज्या जिल्ह्यात जायचा तिथलं सिफारिस पत्र. ते आमच्याकडे नव्हतंच. गोरख्याच्या एका शाळामास्तरांनी धावपळ करून पत्र मिळवलं, त्याचा फोटो फोनवर आला तो शुक्रवारी दुपारी. नेपाळात तेव्हा साप्ताहिक सुट्टी शनिवारची असायची, रविवारी कचेऱ्या उघड्या. आम्ही आपले रविवारची सुट्टी धरून बसलेलो. पत्र पुण्यातून निघण्याआधी मिळवा, आणि सीमेवर पोचाल तर सोमवारी-मंगळवारी पोचा.

आणखी दोन गोष्टी. आधार कार्ड तेव्हा तिकडे चालत नव्हतं, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट न्या. पैसे शंभराच्या नोटांत ठेवा, १०० चे १६० नेपाळी होतात. तेव्हा पाचशे-हजारच्या नोटांवर तिकडे चहासुद्धा मिळायचा नाही.

सीमेपलीकडच्या वीरगंजला माल नेपाळी ट्रकमध्ये भरला. हे चांगलं झालं, कारण नारायणगढ ते मुग्लिन हा रस्ता त्रिशूलीच्या कडेकडेने जातो आणि वरून दगड येत असतात. सपाटीवरच्या ड्रायव्हरचं ते काम नाही. हेटौडा, नारायणगढ, मुग्लिन, आँबुखैरेनी, मग गोरखा बाजार.

नारायणगढला जेवायला थांबलो आणि घास घशात अडकला. समोर धान्याच्या दुकानांत तांदळाच्या थप्प्या! तराईला (नेपाळचा दक्षिणेकडचा सपाट भाग) भूकंपाचा तडाखा तुलनेने कमी, गिरण्या चालू, भाव थोडे चढलेले इतकंच. पुणे-रक्सौल भाड्याच्या पैशांत इथे दीड-दोन टन तांदूळ सहज आला असता, भन्साराची कटकट वाचली असती ती वेगळी. देशात अन्न नव्हतं असं नाही. ते डोंगरावर पोचत नव्हतं. हे आम्हाला पुण्यात कोणी सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं, कारण ट्रकवर बॅनर लावून निघण्यात एक मजा असते.

१२ मेला दुपारी एकच्या आत-बाहेर आम्ही गोरखा बाजारात पोती मोजत होतो. जमीन हलली. ७.३ चा तो दुसरा भूकंप, केंद्र पार पूर्वेला, दोलखाच्या बाजूला, पण इथेही लोक किंचाळत रस्त्यावर आले. ठरवलेले भरिया (हमाल) आपापल्या घरी पळाले, आणि ते बरोबरच होतं. दीड दिवस गेला. हातात असे दोन-तीन दिवस जास्तीचे ठेवूनच जा.

बाजारात जागतिक अन्न कार्यक्रमाची पांढरी तंबू-गोदामं उभी होती. मोठ्या संस्थांची सगळी मदार हेलिकॉप्टरवर, आणि हेलिकॉप्टरची मदार ढगांवर. आमची मदार डोकोवर. डोको म्हणजे पाठीवरची निमुळती बांबूची टोपली, तिचा पट्टा (नामलो) कपाळावर घेतात. डोकोचं ओझं खरोखर डोक्यावरच. ट्रॅक्टर दरौंदी नदीच्या काठापर्यंत गेला, पुढे दरड. तिथून वर चार तासांची चढण, बारपाकच्या अलीकडची एक वस्ती. एका भरियाचं ओझं ३० किलो. म्हणजे आमचा नऊ टनांचा ट्रक म्हणजे ३०० खेपा! माणशी रोज ४०० ग्रॅम तांदूळ धरला तर पाच जणांच्या घराला एक खेप पंधरा दिवस पुरते. हे गणित पुण्यात करून निघा. आमची तांदळाची पोती पन्नास किलोची होती, ती नदीकाठी फोडून भरताना कितीतरी तांदूळ वाळूत गेला. भरियांची मजुरी आधी ठरवा आणि रोजच्या रोज द्या. त्यांचीही घरं पडलेली होती.

आणि डाळ. वर एक आमा (आई, वयस्क बाई) तीन दगडांच्या चुलीवर आमची तूरडाळ शिजवत होत्या. तास झाला, दीड तास झाला. जवळजवळ १९०० मीटर उंची, उघडं पातेलं, ओली लाकडं. कुकर? तो घराबरोबर गाडला गेलेला. त्या चमच्याने एक दाणा काढून बोटांत दाबायच्या, मान हलवायच्या आणि आणखी एक लाकूड सरकवायच्या. लाकूड तरी कुठून येत होतं? पडलेल्या घराच्या चौकटीचं. तिकडे मसूर खातात, ती पाऊण तासात होते. आमच्या टूनाची गोष्ट ती हीच.

पोह्यांचं मात्र सोनं झालं. चिउरा हे त्यांचं घरचंच अन्न, न शिजवता खाता येतं. पुढच्यांनी पोहे, मसूर, मीठ आणि साखर एवढंच घ्यावं, तेही नारायणगढला.

वाटपाबद्दल. महामार्गावर माल उतरवू नका. रस्त्याकडेच्या गावांना तीन-तीनदा मिळालं होतं, वरच्यांना एकदाही नाही. गाविसची (गाउँ विकास समिती, २०१७ पर्यंतची तिकडची ग्रामपंचायत) यादी घ्याच, पण यादी घेऊन स्वतः वस्तीच्या टोकापर्यंत चाला. आमच्या यादीत खालच्या अंगाची कामींची, म्हणजे तिकडे दलित मानल्या जाणाऱ्या लोहारांची, अकरा घरं नव्हती. विचारलं तर 'त्यांना नंतर' असं उत्तर आलं. आम्ही तिथेच बसून राहिलो, मग नावं चढली.

उरलेली तूरडाळ आम्ही गोरखा बाजारातल्या एका छावणीच्या स्वयंपाकघराला दिली, तिथे गॅस आणि मोठे कुकर होते. आपल्या फौजेतून निवृत्त झालेले एक गुरुंग दाजू (दादा) तिथे वाढायला असत. काही वर्षं देवळालीला काढलेली. डाळ बघून म्हणाले, 'आमटी करा ना, गूळ घालून.' गूळ काही मिळाला नाही.

जूनमध्ये कोणी निघत असेल तर महिन्याच्या मध्याच्या सुमारास तिकडे पाऊस सुरू होतो, मग नदीकाठचा ट्रॅक्टरचा रस्ता धरून चालू नका. तेव्हा लावणीसाठी भाताचं बियाणं हवं होतं, घरातलं ढिगाऱ्याखाली कुजलं होतं. पण असं बियाणं तिकडच्याच शेतकऱ्यांकडून घ्या, आपलं इंद्रायणी तिथे नेऊ नका. पोत्यांच्या आत प्लास्टिकचं अस्तर लावून घ्या. त्या मास्तरांशी बोलायचं असेल तर मला कळवा, त्यांना विचारून जोडून देतो.