बेंचवरून येणारा मनू जिनोबिली

बास्केटबॉलमधला शूटिंग गार्ड म्हटलं की लोक जॉर्डन, कोबी, वेड ही नावं घेतात, घ्यावीतच, पण माझा सगळ्यात लाडका मनू जिनोबिली, आणि "हां, तो बेंचवरचा चांगला प्लेयर ना" असं (बेंचवरचा म्हणजे बदली म्हणून उतरणारा) म्हणून कोणी त्याची बोळवण केली की मला खरंच राहवत नाही.

करिअरची सरासरी बघाल तर १३.३ पॉइंट्स, म्हणजे कागदावर काहीच नाही. पण त्याच्या काळात स्पर्सकडे (एनबीए या अमेरिकन लीगमधली सॅन अँटोनियोची टीम) ४ चॅम्पियनशिप आल्या, २००३, २००५, २००७ आणि २०१४, आणि चारही वेळा हा टीममध्ये होता. २००५ ला तर तो रेग्युलर स्टार्टर (सुरुवातीच्या पाचांत) होता, ऑल-स्टार (वर्षातल्या निवडक स्टार खेळाडूंच्या मॅचसाठी निवडलेला) होता, आणि तरी नंतर कोच पॉपोविचने त्याला बेंचवरून आणायचं ठरवलं, का तर दुसऱ्या फळीतही मॅच फिरवणारा कोणीतरी हवा. त्या काळात दुसऱ्या कुठल्याही टीमने त्याला डोळे झाकून स्टार्टर केलं असतं. हा मात्र स्पर्समध्येच राहिला आणि २००८ ला सिक्स्थ मॅन अवॉर्ड (बेंचवरून येणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचं) घेतलं, सीझनची सरासरी १९.५. माझं म्हणणं एवढंच की मॅच सुरू कोण करतं याला काही अर्थ नाही, शेवटची पाच मिनिटं कोर्टवर कोण असतं ते बघा, मनू असायचाच.

मूळचा तो अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकाचा. देश फुटबॉलवेडा, पण हे शहर बास्केटबॉलचं. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए टीम नवे खेळाडू निवडतात तो) एकूण ५८ जण निवडले गेले, त्यात हा ५७ वा. तेव्हा तो इटलीत खेळत होता, बोलोन्याकडून २००१ ची युरोलीग जिंकली आणि मग २००२ मध्ये सॅन अँटोनियोला आला.

त्याच्या युरोस्टेप या चालीबद्दल किती लिहू. डावखुरा, बॉल घेऊन सुसाट आत घुसणार, एक पाऊल उजवीकडे, डिफेंडर तिकडे झुकला की दुसरं लांब पाऊल डावीकडे, कबड्डीतला चपळ रेडर हुलकावणी देतो ना अगदी तसं, आणि तोवर बॉल बोर्डला लागून आतही गेलेला असायचा. ही चाल त्याने शोधली नाही, पण एनबीएमध्ये घरोघरी पोचवली ती त्यानेच.

आणि अथेन्स ऑलिंपिक २००४! पहिलीच मॅच सर्बिया-मॉन्टेनेग्रोशी, अर्जेंटिना एका पॉइंटने मागे, चार सेकंदसुद्धा नाहीत, त्याच्याच गावच्या मोंतेकियाने पास दिला आणि मनूने हवेत तिरका पडता पडता बॉल टाकला, ८३-८२. पुढे सेमीफायनलला अमेरिकेला ८९-८१ ने हरवलं, समोर त्याचाच क्लबमेट टिम डंकन होता, मनूचे २९ पॉइंट्स. मग फायनलला इटली, आणि गोल्ड.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो २०१३-१४ चा मनू. २०१३ च्या एनबीए फायनल्सची मायामीविरुद्धची सहावी मॅच, हातातोंडाशी आलेली ट्रॉफी, त्याचे ८ टर्नओव्हर (बॉल समोरच्यांकडे गमावणं), शेवटी शेवटी एक फ्री थ्रो हुकला, मग मायामीच्या रे ॲलनचा तो थ्री (तीन पॉइंट्सचा शॉट), आणि सगळं गेलं. वय ३५, लोक म्हणाले संपला हा. पुढच्याच वर्षी पुन्हा मायामीच समोर, पाचव्या मॅचमध्ये याने मायामीच्या क्रिस बॉशच्या डोक्यावरून असा डंक मारला की अख्खं स्टेडियम उभं राहिलं, आणि त्याच रात्री ट्रॉफी आली.

२०१७ मध्ये ३९ व्या वर्षी प्लेऑफमध्ये ह्यूस्टनच्या हार्डनचा शेवटचा थ्री मागून येऊन ब्लॉक केला, ओव्हरटाइमला, मॅच ११०-१०७. ऑगस्ट २०१८ ला रिटायर झाला, २०१९ ला स्पर्सने त्याची २० नंबरची जर्सी कायमची वर चढवली. करिअरमध्ये ऑल-स्टार फक्त दोनदा, आणि तरी हॉल ऑफ फेमसाठी पात्र झाल्या झाल्या २०२२ मध्ये आत. आता सांगा, बेंचवरचा चांगला प्लेयर?