दोन खोल्यांचं कुलूप

"मागच्या दोन खोल्यांना कुलूप कुणाचं आहे?"

"दिरांचं."

"कधीपासून?"

"आमचे हे गेले, त्याच महिन्यापासून."

"म्हणजे दावा लावायच्या आधीपासून?"

"हो तर. चार वर्षं आधीपासून."

समोरचे वकील "उलटतपास संपला" म्हणाले आणि खाली बसले. साक्षीच्या पिंजऱ्यातल्या मावशींना, म्हणजे माझ्या अशिलांना, काही वावगं घडलंय याचा पत्ता नव्हता. विचारलं ते खरं सांगितलं, एवढंच. माझ्यासमोर त्यांचं वादपत्र, म्हणजे दावा मांडणारा मूळ कागद, उघडं होतं. कलम चार : 'दावा मिळकत संपूर्णपणे वादीच्या एकटीच्या कब्जात असून...' हे वाक्य मी लिहिलेलं. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "फेरतपास?" म्हणजे उलटतपासानंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारणं. मी उभा राहिलो, एक क्षण काहीच सुचलं नाही, आणि "नाही" म्हणून बसलो. खरं सांगणाऱ्या साक्षीदाराला फेरतपासात विचारणार तरी काय?

दावा साधा होता. घर नवऱ्याच्या स्वकष्टार्जित पैशांतून घेतलेलं, मूलबाळ नाही, नवरा वारल्यावर दीर म्हणू लागले की घर एकत्र कुटुंबाचं. मी मागितली होती ती मालकीची घोषणा, म्हणजे घर मावशींचं आहे असं कोर्टाने जाहीर करणं, आणि कायमची मनाई, म्हणजे दिरांनी कब्जात अडथळा आणू नये. पण ज्या खोल्या त्यांच्याच कुलपात आहेत, तिथे अडथळा आणू नका असं कोर्ट त्यांना सांगणार कसं? तिथे कब्जा मागायला हवा होता. तो मागितलाच नव्हता. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३४ चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, तर सरळच आहे : पुढची दाद मागता येत असताना नुसतीच घोषणा मागितली, तर ती मिळत नाही. म्हणजे दोन खोल्यांपायी मालकीचा मुद्दाही लंगडा होणार.

संध्याकाळी ऑफिसात फाइल काढली. सगळ्यात खाली पहिल्या भेटीचा कागद, माझ्याच अक्षरात : 'मागे २ खोल्या – दीर – कुलूप.' खाली दोन रेघा मारलेल्या. मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी लिहून घेतलं होतं, आणि मग एका जुन्या दाव्याचा मसुदा समोर ठेवून वादपत्र तयार करताना कलम चार जसंच्या तसं उतरवलं होतं. इतकंच नाही. दिरांच्या कैफियतीतही, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातही, लिहिलेलं होतं की मागच्या दोन खोल्या प्रतिवादीच्या कब्जात आहेत. ते वाचून मी 'हे असंच म्हणतात' म्हणून पुढे गेलो होतो. सरतपासाचं, म्हणजे मावशींच्या स्वतःच्या साक्षीचं, प्रतिज्ञापत्रही मीच केलेलं, त्यांना वाचून दाखवलेलं. त्यांनी मान डोलावली होती, कारण त्यांच्या हिशेबी घर आपलं म्हणजे कब्जाही आपलाच. मालकी आणि कब्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना सांगणं माझं काम होतं.

वादपत्र दुरुस्त करून त्यात खोल्यांचा कब्जा मागायचा, एवढाच मार्ग होता. ज्युनिअरने रात्रीत दुरुस्ती अर्ज तयार केला. तिसऱ्या ओळीत तो शब्द होताच : 'नजरचुकीने.' गेल्या वीस-बावीस वर्षांत मी स्वतः तो किती अर्जांत लिहिला असेल, देव जाणे. टायपिस्टची चूक, नजरचूक, अनवधानाने राहून गेले. दुरुस्ती अर्जाची ही बाराखडीच आहे.

आता यातली खरी अडचण. अशा दुरुस्तीचा नियम, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ६ नियम १७, पूर्वी बराच मोकळा होता. दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर दुरुस्ती मागावी, समोरच्याचं नुकसान खर्चाने भरून निघत असेल तर ती मिळावी, असा रिवाज. त्याचा इतका गैरवापर झाला की १९९९ च्या दुरुस्ती कायद्याने तो नियमच काढून टाकला. वकिलांनी देशभर ओरड केली. २००२ मध्ये नियम परत आला, १ जुलैपासून लागूही झाला, पण शेपटीला परंतुक घेऊन : सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती नाही, योग्य ती तत्परता दाखवूनही पक्षकाराला हा मुद्दा आधी मांडता आला नसता, अशी कोर्टाची खात्री पटली तरच. आणि सुनावणी सुरू कधी झाली म्हणायचं? सरतपासाचं प्रतिज्ञापत्र दाखल झालं की झाली, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये विद्याबाई विरुद्ध पद्मलता या निकालात धरलंय. आमचा तर उलटतपासही होऊन गेला होता.

म्हणजे मी खरं लिहिलं, की पक्षकाराने पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि वकील विसरला, तर मीच माझ्या हाताने लिहून देत होतो की मुद्दा आधी मांडता आला असता. 'नजरचूक' लिहिलं तर निदान धुकं तरी राहतं. ज्युनिअर म्हणाली, "सर, आपला कागद कोण बघणार आहे?" बरोबर होतं तिचं. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं गुप्त असतं, तो कागद कुणी मागू शकत नव्हतं.

मी मावशींना बोलावलं आणि कागद दाखवला. सांगितलं, चूक माझी आहे, तुम्हाला दुसरा वकील करायचा असेल तर मी आत्ता ना-हरकत लिहून देतो. त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा लिहून घेतलं होतंत ना? मग तेच लिहा." त्यांना कायद्याचा पेच कळला होता असं मला वाटत नाही.

नवा अर्ज मी स्वतः लिहिला. वादीने ही वस्तुस्थिती पहिल्या भेटीतच वकिलांना सांगितली होती, वादपत्रात ती न येणं ही वकिलांची चूक आहे, एवढं दोन ओळींत. खाली मावशींचं प्रतिज्ञापत्र.

युक्तिवादाच्या दिवशी समोरच्या वकिलांनी तेच केलं जे मी त्यांच्या जागी केलं असतं. माझ्याच दोन ओळी मोठ्याने वाचल्या. "साहेब, तत्परता नव्हती हे अर्जदारच सांगताहेत. विद्याबाईच्या पुढे जायची गरजच नाही." मी रफीक विरुद्ध मुन्शीलाल, १९८१, पुढे केला : वकिलाच्या कसुरीची शिक्षा पक्षकाराला नको. ते शांतपणे म्हणाले, तो निकाल वकील हजर न राहिल्याचा आहे, वादपत्र चुकीचं लिहिल्याचा नाही. तेही खरंच होतं. मी सांगितलं, कब्जाची गोष्ट त्यांच्याच कैफियतीत आहे, त्यांना यात नवं काय? वादी साक्षीतली कबुली मागे घेत नाहीये, उलट वादपत्र त्या कबुलीला जुळवून घेतेय. साहेब लिहून घेत होते, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

मग समोरच्यांनी एक वाक्य जास्तीचं बोललं. "इतकंच असेल तर त्यांनी खोल्यांसाठी नवा दावा लावावा. बारा वर्षांची मुदत अजून संपलेली नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "नवा दावा लावला, तर तुम्ही आदेश २ नियम २ ची हरकत घेणार नाही, असं लिहून देता?"

हा नियम असा : एकाच दावाकारणातून मिळू शकणारी एखादी दाद परवानगीशिवाय सोडून दिली, की तिच्यासाठी पुन्हा वेगळा दावा चालत नाही. वकील गप्प झाले. मागे वळून अशिलाकडे पाहिलं. दिरांनी मान हलवली, नाही. "तशा सूचना नाहीत, साहेब."

इथे मी २०२२ चा आयुर्विमा महामंडळ विरुद्ध संजीव बिल्डर्स हा निकाल काढला. आदेश २ नियम २ नंतरच्या दाव्याला आडवा येतो, चालू दाव्यातल्या दुरुस्तीला नाही, हे त्यात स्पष्ट आहे. निकाल माझ्याकडे होता, पण खरं काम त्या एका प्रश्नाने केलं होतं. नव्या दाव्याचं दार ते लावून घेणार होते, म्हणजे उघडं राहिलं ते एवढंच.

अर्ज मंजूर झाला. खर्च भरायचा, कब्जाच्या दादेवरची कोर्ट फी भरायची, प्रतिवादीला जादा कैफियतीची मुभा, जादा मुद्दा काढायचा आणि त्यावर मावशींचा पुन्हा उलटतपास. आदेशात तत्परतेबद्दल दोनच वाक्यं होती आणि ती मला आजही पुरेशी वाटत नाहीत. मी समोरच्या बाजूला असतो तर त्यांच्यावरच बोट ठेवून उच्च न्यायालयात गेलो असतो. ते गेलेच. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली त्यांनी रिट याचिका केली, तिची नोटीस मावशींच्या घरी आली आणि त्या ती घेऊन माझ्याकडे आल्या. खर्चाची रक्कम मी भरली होती, हे त्यांना शिरस्तेदारांकडून कळलं होतं. त्या बाबतीत आमचं थोडं वाजलंही.

दुरुस्ती मूळ वादपत्रात करायला चौदा दिवस असतात. मी तिसऱ्याच दिवशी गेलो. कलम चारमधल्या 'संपूर्णपणे' या शब्दावर लाल शाईने रेघ मारली, समासात नवा मजकूर लिहिला : 'मागील दोन खोल्या वगळून. सदर खोल्या प्रतिवादीच्या कब्जात आहेत.' खाली सही केली. क्लार्क म्हणाला, "साहेब, दुरुस्तीच्या आदेशाची निशाणी, त्याचा क्रमांक, टाका, नाहीतर पुढच्याला कळायचं नाही ही ओळ कुठून आली." मी निशाणी टाकली.