दुधाच्या बिलाचा प्रोग्राम लिहिताना मला हॅश मॅप कसा उमगला

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझे चुलते, अण्णा, दूध संकलन केंद्र चालवतात. १४० घरं तिथे गायीचं दूध घालतात, सकाळ-संध्याकाळ. दर दहा दिवसांनी बिल काढायचं म्हणजे २,८०० नोंदी. प्रत्येक नोंदीत लिटर, फॅट (दुधातली स्निग्धता) आणि एसएनएफ (स्निग्धता सोडून दुधातले बाकीचे घन घटक). फॅट आणि एसएनएफ या दोन आकड्यांवरून दरपत्रकात दर शोधायचा, लिटरला गुणायचा, आणि सभासदाच्या नावापुढे बेरीज धरायची. लोक याला दुधाचा पगार म्हणतात, आणि तो खरोखर पगारच असतो. त्यातून किराणा येतो, पेंड येते, मुलांची फी जाते. म्हणून एका रुपयाचा फरक आला तरी माणूस खिडकीशी येऊन विचारतो, आणि त्याने विचारलंच पाहिजे.

बी.कॉम. झाल्यावर मी घरी होते आणि पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली होती. पुस्तकी उदाहरणांत जीव रमेना. अण्णा रात्री दीड-दीड वाजेपर्यंत दरपत्रकावर बोट फिरवत बसायचे, ते दिसत होतं. ठरवलं की शिकायचं ते याच कामावर.

आमचं दरपत्रक एका पानाचं. उभ्या बाजूला फॅट ३.० ते ५.०, आडव्या बाजूला एसएनएफ ८.० ते ९.०, दोन्हीकडे एका दशांशाची पायरी. म्हणजे २१ ओळी, ११ रकाने, २३१ दर. गायीच्या दुधाचा भाव बोलला जातो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून, पण प्रत्यक्षात रोज प्रत्येकाचं दूध वेगळं लागतं. त्यामुळे सगळे २३१ खाने हाताशी लागतात.

पहिला प्रयत्न ‘इफ’ आणि ‘एलिफ’चा होता. फॅट एवढी आणि एसएनएफ एवढं असेल तर दर हा, नाहीतर पुढचं बघ. तिसाव्या ओळीला थांबले, कारण दरपत्रक बदललं की हे सगळं पुन्हा लिहावं लागणार होतं. मग दर एक्सेलच्या फाइलमध्ये ठेवले आणि प्रोग्रामला सांगितलं की प्रत्येक नोंदीसाठी फाइल उघड आणि दर शोध. चाललं, पण दहा दिवसांच्या बिलाला पाच मिनिटं लागली. २,८०० वेळा तीच फाइल उघडली जात होती! फाइल एकदाच वाचून यादीत घेतली आणि वेळ काही सेकंदांवर आला. त्या रात्री मला वाटलं की झालं काम.

पण एक गोष्ट टोचत होती. यादीत शोधायचं म्हणजे पहिल्या दरापासून सुरुवात करून जुळेपर्यंत पुढे जायचं. ५.० फॅटचं दूध आलं की दोनशेच्या वर दर ओलांडून जायचं. सभासदाचं नाव शोधतानाही तेच, १४० नावांमधून चालत जायचं. दहा दिवसांना हे खपतं. पण अण्णांना वर्षाचा हिशेब हवा होता, म्हणजे एक लाखाहून जास्त नोंदी. शिवाय त्या फिरण्याला काही अर्थ नव्हता. ३.८ फॅट हातात असताना ३.० पासून का सुरुवात करायची?

उत्तर केंद्राच्या भिंतीवर होतं, आणि मी ते लहानपणापासून बघत आले होते.

अण्णांच्या टेबलामागे लाकडी मांडणी आहे, दहा खणांची. त्यात सभासदांची दुधाची कार्डं असतात. बाई खिडकीशी येऊन म्हणते, “सदतीस.” अण्णा मान न वळवता सातव्या खणात हात घालतात आणि कार्ड काढतात. मी विचारलं, “अण्णा, तुम्ही शेवटचा आकडा का धरलात? पहिला का नाही?”

“आधी पहिलाच धरला हुता,” अण्णा म्हणाले. “एकचा खण फुटायला आला. मग शेवटचा धरला.”

घरी येऊन मी मोजलं. १ ते १४० मध्ये एकने सुरू होणारे आकडे ५२. दोनपासून नऊपर्यंत प्रत्येकाने सुरू होणारे अकरा-अकरा. शून्याचा खण रिकामाच. शेवटच्या आकड्याने वाटले तर दहाही खणांत बरोबर चौदा-चौदा. कार्ड शोधायला चौदांतच बघायचं, एकशे चाळीसांत नाही. हॅश मॅप म्हणजे काय हे मी तोवर तीनदा वाचलं होतं, पण तेव्हा ते समजलं. नंबरावरून एक छोटं गणित करायचं, त्या गणिताने खण ठरतो, आणि शोधायला सरळ त्या खणात जायचं. ते छोटं गणित म्हणजे हॅश फंक्शन, त्याचं उत्तर म्हणजे हॅश. ते वाईट निवडलं तर एकचा खण फुटतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी ही कल्पना जानेवारी १९५३ मध्ये कंपनीतल्या एका अंतर्गत टिपणात मांडली होती. अण्णांना ती कार्डांच्या गर्दीने शिकवली.

पायथॉनमध्ये याच गोष्टीला डिक्शनरी म्हणतात. आत काय चालतं ते मी नंतर खणून वाचलं, आणि मला त्याचा फार आनंद झाला, कारण तिथेही शेवटचेच आकडे बघतात, फक्त बायनरीतले, म्हणजे संगणकाच्या शून्य-एकच्या लिखाणातले. नवी डिक्शनरी आठ खणांनी सुरू होते. बायनरीतले शेवटचे तीन आकडे म्हणजे आठने भागल्यावरची बाकी. ३७ ला आठने भागलं की बाकी ५, म्हणून पाचवा खण. ४५ ची बाकीही ५. मग काय? अण्णांच्या मांडणीत दोन्ही कार्डं एकाच खणात एकावर एक बसतात. पायथॉन एका खणात एकच नोंद ठेवतं. खण भरलेला दिसला की ठरलेल्या रीतीने दुसरा खण बघतं, आणि शोधतानाही त्याच वाटेने जातं. खण साधारण दोन-तृतीयांश भरले की मोठी मांडणी तयार करून सगळं नव्याने लावतं. म्हणून फार गर्दी होत नाही.

दरपत्रक डिक्शनरीत घालायला बसले आणि पहिल्याच ओळीत चूक आली. डिक्शनरीत ज्याच्यावरून शोधायचं त्याला ‘की’ म्हणतात, म्हणजे किल्ली. की म्हणून मी फॅट आणि एसएनएफची यादी दिली होती, चौकोनी कंसात. पायथॉनने नकार दिला: यादीचा हॅश काढता येत नाही. गोल कंसात लिहिलं, म्हणजे टपल केलं, आणि चाललं. कारण मांडणीकडे बघून लगेच कळलं. यादी नंतर बदलता येते, टपल बदलता येत नाही. खणात ठेवलेल्या कार्डावरचा ३७ खोडून कुणी ४२ केला, तर ते कार्ड सातव्या खणात पडून राहील आणि आपण दुसऱ्यात शोधत बसू. म्हणून की अशीच हवी, जी बदलत नाही.

दुसरी अडचण मात्र मला दोन दिवस पुरली. दर कागदावरून भरताना फॅटचे आकडे टाइप करण्याऐवजी मी ३.० पासून ०.१ मिळवत गेले होते. ३.० चालला, ३.१ चालला, ३.२ चालला. ३.३ फॅटचं दूध आलं की ‘की एरर’. कागदावर ३.३ आहे, फाइलमध्ये ३.३ आहे, आणि प्रोग्राम म्हणतोय सापडत नाही. शेवटी सगळ्या कीज छापून बघितल्या. तिथे होतं ३.३००००००००००००००३. दशांश अपूर्णांक संगणक बायनरीत ठेवतो, आणि ०.१ तिथे नेमका बसत नाही. तो बारीकसा फरक मिळवत मिळवत वर येतो. माणूस म्हणेल, अहो तेच आहे की. हॅश मॅप तसं म्हणत नाही. आकडा एवढासाही वेगळा झाला की ती की त्याच्या लेखी वेगळी. तेव्हापासून फॅट आणि एसएनएफ दहाने गुणून, राउंड करून पूर्णांकात ठेवते. ३.३ म्हणजे ३३, ८.५ म्हणजे ८५. दर मिळतो तो ३३ आणि ८५ च्या जोडीवर.

मग नावं. आमच्या गावात कुऱ्हाडे आडनावाची सहा घरं आहेत, आणि आडनाव-नाव अशी की केल्यावर त्यातल्या दोन घरांचं दूध सापडेना. पडद्यावर दोन्ही नावं शेजारी ठेवली. अक्षर न् अक्षर तेच. लांबी विचारली तेव्हा एका ‘कुऱ्हाडे’ची आठ आली, दुसऱ्याची नऊ. हे मला कुठल्याच इंग्रजी धड्यात भेटलं नव्हतं, कारण ही आपल्या लिपीची गोष्ट आहे. तो अर्धा र, ज्याला आपण ऱ्ह मध्ये आडव्या वेलांटीसारखा काढतो, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. मी लॅपटॉपवर एका प्रकारे लिहिलं होतं, चुलतभावाने मोबाइलवर दुसऱ्या. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं एकसारखी करणारी सोय, लावून बघितलं, तरीही हे दोन एक झाले नाहीत. मराठी नावांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा स्वतः करून बघावं. गोऱ्हे, वऱ्हाडे, कऱ्हाड, कुठेही हे होऊ शकतं.

मी की म्हणून नाव सोडलं आणि सभासद क्रमांक धरला. तिथेही वही भरणाऱ्यांच्या तीन तऱ्हा होत्या: कुणी मराठी आकड्यात बारा लिहिलेला, कुणी इंग्रजी आकड्यात, कुणी आधी शून्य लावून. अक्षरं म्हणून तिन्ही वेगळ्या कीज. पण पायथॉनच्या ‘इंट’ला, म्हणजे अक्षरांतून पूर्णांक काढणाऱ्या सोयीला, देवनागरी आकडे वाचता येतात! तिन्हींतून बारा हा एकच पूर्णांक मिळाला.

या चुका निदान ओरडून सांगत होत्या. खरी धास्ती मला गप्प राहणाऱ्या चुकीची बसली. दहा दिवसांचं पहिलं बिल निघालं आणि बेरीज फारच कमी. कारण मी सभासद क्रमांकाला त्याची नोंद जोडत होते, आणि डिक्शनरीत एका कीला एकच जागा. संध्याकाळची नोंद आली की सकाळची पुसली जायची, दुसरा दिवस आला की पहिला. शेवटी प्रत्येकाकडे दहाव्या संध्याकाळचंच दूध उरलं होतं. काही तक्रार नाही, काही एरर नाही. आकडा इतका कमी होता म्हणून कळलं. एखाद्याचीच एखादी नोंद पुसली गेली असती तर तो पगार तसाच वाटला गेला असता. आता क्रमांक, तारीख आणि वेळ या तिघांची मिळून की आहे, आणि ती आधीच असेल तर प्रोग्राम थांबतो आणि विचारतो.

तशीच दुसरी गोष्ट ‘गेट’ची. की सापडली नाही तर एरर न देता आपण सांगू ते उत्तर देणारी ही सोय. शिकवणारे ती कौतुकाने सांगतात, मीही आनंदाने शून्य दिलं. एका सकाळी एकाची फॅट २.९ लागली, दरपत्रकाच्या खाली. दर शून्य, नऊ लिटरचे पैसे शून्य, आणि प्रोग्राम पुढे. मी अण्णांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्याच्या गायीनं दूध दिलंया. शून्य कसं लिवायचं?” दराच्या जागी मी ‘गेट’ कायमचं काढलं. सापडत नसेल तर प्रोग्रामने अडावं, आणि काय करायचं ते माणसाने ठरवावं. बेरीज सुरू करताना शून्य घेणं ठीक आहे, तिथे शून्य खरंच शून्य असतं.

सलग तीन बिलं मी प्रोग्रामने आणि अण्णांनी हाताने, अशी दोन्हीकडे काढली. पहिल्यात चार ठिकाणी फरक आला. दोन माझ्या टायपिंगचे, दोन दरपत्रकावर बोट एक ओळ खाली सरकल्याचे. तिसऱ्यात फरक आला नाही. त्या रात्री केंद्राचा दिवा साडेनऊला बंद झाला.

मागच्या महिन्यात एक नवीन घर दूध घालायला आलं. ६४ नंबरच्या घराने जनावरं विकली होती, तो नंबर रिकामा होता. अण्णा सवयीने तोच लिहायला लागले. मी म्हटलं, “अण्णा, थांबा. ६४ खाली आठ महिन्यांचं जुनं दूध आहे. नव्या माणसाने वर्षाचा हिशेब मागितला तर त्यात दुसऱ्याचं दूध येईल.”

अण्णांनी पेन उचललं, कार्डाकडे बघितलं, आणि नवीन कार्डावर १४१ लिहिला. मग मान न वळवता हात मागे नेऊन ते एकच्या खणात ठेवलं.