नाईटच्या आठवड्यात

परवा जिन्यात खालच्या काकू भेटल्या आणि सहज बोलून गेल्या, "आज तुझ्या बायकोचं वाटण इकडेच झालं बरं का". म्हणजे माझी नाईट शिफ्ट असली की ही मिक्सरचं भांडं घेऊन त्यांच्याकडे जाते. मला कधी बोलली नाही. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

कारण मी झोपलेलो नसतोच ना. सहाला सुटतो, चाकणहून कंपनीच्या बसने भोसरीला, आंघोळ, पोहे, आठला आडवा. खिडकीला जुनी चादर ठोकलीय तरी कडेने ऊन येतं, आणि अकराला डोळा उघडला की संपलं. मग नुसता पडून राहायचं, बाहेर कुकर नाही टीव्ही नाही, पोरगी कुजबुजत अभ्यास करतेय, सगळ्यांनी माझ्या झोपेसाठी जीव मुठीत धरायचा आणि मी आत टक्क जागा. हिला म्हटलं घरीच लाव मिक्सर, मी जागाच असतो. म्हणाली, "माहितीये. पण लागलाच डोळा एखाद्या दिवशी तर?" ह्याचंच जास्त वाईट वाटतं.

आईला वाटतं मी फोन बघत बसतो. नाही गं. पहाटे चार-पाचला अंग सगळ्यात गार पडलेलं असतं तेव्हा प्रेस मशीनसमोर उभं राहायचं, आणि सकाळी झोपायला जावं तर ते परत तापायला लागलेलं, झोप टिकणार कशी?

सुट्टीचंही तेच. गुरुवारी सकाळी सुटलो की तिथून सुट्टी सुरू. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं ५७ वं कलमच तसं होतं, २०२५ ला त्याच्या जागी नवा कायदा आला तरी तेच, नाईटवाल्याची सुट्टी म्हणजे शिफ्ट संपल्यापासून सलग २४ तास. त्यातला निम्मा दिवस कालच्या कामाची झोप काढण्यात. पोरीला कुठे न्यायचं म्हटलं की... जाऊ दे.

काल दुपारी पडल्या पडल्या रडूच आलं. मग उठून चहा घेतला. नाईट काही बंद होणार नाही आणि अलाउन्स सोडून आमचंही भागणार नाही, हे आता धरूनच चाललं पाहिजे. पण क्रम तरी बदलता येईल की. आमच्याकडे सकाळच्या फर्स्ट शिफ्टनंतर नाईट, मग दुपारची सेकंड, सगळं उलटं. बहुतेकांचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा थोडं जास्तच चालतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. फर्स्ट, सेकंड, नाईट असं फिरवलं तर कंपनीचा एक पीस कमी होणार नाही. युनियनच्या कमिटीवाल्यांना ह्याच आठवड्यात कँटीनमध्ये गाठतो.