'तुला' म्हणताना

ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) पाळकाचे काम म्हणजे रविवारचे प्रवचन, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात आमचे बरेचसे दिवस आजाऱ्यांच्या उशाशी जातात. गेल्या मे महिन्यात, नागपूरचे ऊन ऐन भरात असताना, प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीची, लहान पेटी घेऊन मी अजनीतल्या एका घरी गेलो. रेल्वेतून निवृत्त झालेले ते गृहस्थ 83 वर्षांचे होते आणि पाळक नसेल त्या त्या रविवारी त्यांनी चाळीस वर्षे मंडळीची उपासना चालवली होती. पाळक म्हणून माझी दीक्षा होऊन तेव्हा सात महिने झाले होते.

उपासनेच्या अखेरच्या आशीर्वादाची आमच्याकडे एक शिस्त आहे. दीक्षित पाळक हात उंचावून 'तुम्हांला' म्हणतो. दीक्षा नसलेला सेवक तीच वाक्ये 'आपल्याला' असे म्हणत, स्वतःलाही मागणाऱ्यांत धरून, प्रार्थना म्हणून उच्चारतो. या एका शब्दात दोन भूमिकांमधले सगळे अंतर आहे, पण हल्ली तिकडे कोणाचे लक्ष नसते, आणि काही पाळक तर आशीर्वाद घाईने उरकून बाहेर पडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

भाकर आणि द्राक्षरस घेतल्यावर त्यांनी आशीर्वाद मागितला आणि उशीवरून डोके माझ्यापुढे वाकवायचा प्रयत्न केला. ज्यांच्या पाया मी पडायचे, ते वाकत होते. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला अहरोन या याजकाचा आशीर्वाद मला हिब्रूतही पाठ आहे: तीन ओळी, अनुक्रमे तीन, पाच आणि सात शब्दांच्या, आणि साऱ्या इस्राएलावर उच्चारायच्या असूनही सर्वनाम एकवचनी, 'तुला'. तो शब्द माझ्या तोंडून निघेना. "परमेश्वर आपल्याला आशीर्वाद देवो," असे मी म्हणालो. मराठीत हे 'आपण' आदरार्थीही असते आणि बोलणाऱ्यालाही सामावून घेते. त्या दुहेरी अर्थाच्या आडोशाला मी उभा राहिलो.

त्यांनी डोळे उघडले. "पास्टर, 'आपल्याला' मी चाळीस वर्षं म्हटलं. शास्त्रात 'तुला' आहे, तसंच म्हणा." मी गप्पच राहिलो, तेव्हा ते सावकाश म्हणाले, "तुमच्या पदरचा असता तर मागितला नसता."

मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि तिन्ही ओळी 'तुला' म्हणून उच्चारल्या. त्यांचे 'आमेन' शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढे स्पष्ट होते. मग लगेच त्यांनी सुनेला विचारले, पास्टरांना सरबत दिले का.

बायबलमधल्याच इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायातले सातवे वचन सांगते की लहानाला थोराकडून आशीर्वाद मिळतो, हे वादातीत आहे. तिथे प्रसंग उत्पत्ती या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातला आहे: राजांचा पराभव करून परतणाऱ्या अब्रामापुढे शालेमचा राजा मलकीसदेक भाकर आणि द्राक्षरस घेऊन येतो, त्याला आशीर्वाद देतो, आणि अब्राम त्याला दशमांश देतो. ज्याच्याजवळ देवाची अभिवचने आहेत तोच तिथे घेणारा ठरतो. मूळ ग्रीकमध्ये 'लहान' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, 'जे लहान ते', आणि त्यामुळे मला वाटते की वय किंवा योग्यता तिथे मोजलेली नाही. अहरोनाच्या आशीर्वादानंतरचे वचनही तेच दाखवते: याजकांनी लोकांवर परमेश्वराचे नाव ठेवायचे, आशीर्वाद तो स्वतः देणार. माझा संकोच मला नम्रता वाटत होता. त्या संकोचापायी मी एका मरणोन्मुख माणसाला त्याचा हक्काचा शब्द नाकारत होतो.

तरीही अब्रामाचा नातू याकोब मला स्वस्थ बसू देत नाही. दुष्काळातून धान्याच्या देशात आलेला, 130 वर्षांचा, लंगडणारा तो मेंढपाळ मिसरच्या म्हणजे इजिप्तच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहतो आणि फारोला आशीर्वाद देतो. त्याच्याजवळ ना गादी, ना याजकपद. दीक्षेने मला त्या खाटेजवळ उभे केले हे मी मानतो. पण मला काय म्हणायचे ते त्या खाटेवरूनच सांगितले गेले. या रविवारी मला त्याच सातव्या वचनावर बोलायचे आहे, आणि 'थोर' या शब्दापुढची टिपणाची जागा मी दोनदा लिहून दोनदा खोडली आहे.