तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत जाऊन झाडंच बघितलीत?

मुलुंडला परत येऊन वर्ष होत आलं तरी सोसायटीत कोणी ना कोणी फोटो बघून विचारतंच, अहो डिस्नीलँड सोडून झाडं काय बघत बसलात, ती पण तंबूत राहून? आणि फोटोत तर नुसती लाल भिंत, म्हणजे झाडाचं खोड, आणि तिच्यापुढे आम्ही पाच जण.

खरं कारण सांगते, पैसे. सॅन होजेला दीर राहतो, त्याच्याकडे दोन तंबू पडून होते, आणि सगळ्यांच्या डिस्नीच्या तिकिटांची बेरीज झाल्यावर नवऱ्याने लॅपटॉप बंद केला. मग कॅलिफोर्नियातलंच सिकोया नॅशनल पार्क, सिकोया नावाच्या अवाढव्य झाडांचं जंगल, तिथलं लॉजपोल कॅम्पग्राउंड, दोन रात्री. निसर्गप्रेम वगैरे नंतर आलं.

जूनचा पहिला आठवडा, इकडे घामाच्या धारा आणि तिकडे साडेसहा हजार फुटांवर रात्री दात वाजतायत. प्रत्येक तंबूपाशी एक लोखंडी पेटी, अस्वलासाठी, म्हणजे अस्वलाला काही मिळू नये म्हणून. खाणं तर त्यात ठेवायचंच पण ज्याला ज्याला वास येतो ते सगळं, टूथपेस्ट, साबण सुद्धा. सासूबाईंचं मेतकूट, लसणाची चटणी आणि बाम, सगळं आत. रात्री दोनला त्यांचा गुडघा धरला. बाम पेटीत! नवरा आणि दीर टॉर्च घेऊन जवळजवळ एकमेकांना धरूनच गेले, त्या पेटीची कडी खाचेत हात घालून उघडावी लागते कारण तिथे अस्वलाचा पंजा शिरत नाही, आणि थंडीने आखडलेली यांची बोटंही शिरेनात. पंधरा मिनिटं लागली.

सकाळी जनरल शर्मन नावाचं सिकोयाचं झाड बघायला गेलो. पार्किंगपासून बऱ्याच पायऱ्या उतरायच्या, येताना धाप लागते, पण गुडघेवाल्यांसाठी खालच्या रस्त्यावरून वेगळी सपाट वाट आहे. उंची 83.8 मीटर, म्हणजे आपल्या राजाबाई टॉवरपेक्षा जेमतेम सव्वा मीटर कमी, आणि याहून उंच झाडंही आहेत, पण एकट्या खोडात एवढं लाकूड जगात दुसऱ्या कुठल्याच झाडात नाही. बुडाशी 11 मीटर रुंद. नवऱ्याने उभ्या उभ्या हिशेब केला, हजारेक स्क्वेअर फूट, आपले दोन वन बीएचके बसतील, कार्पेट. वय सुमारे 2,200 वर्षं. सासूबाई म्हणाल्या, पाणी कोण घालतं याला? बर्फ घालतं, आई. हिवाळ्यात साठतं आणि उन्हाळाभर झिरपत राहतं.

मला मात्र साल आवडली. शर्मनला कुंपण आहे, पण दुसऱ्या एका झाडाला हात लावला तर नारळाच्या काथ्यासारखी मऊ, बोट दाबलं की दबते, आणि ती दोन फुटांपर्यंत जाड असते म्हणून साध्या वणव्याला ही झाडं दाद देत नाहीत. उलट आगीच्या धगीनेच त्यांचे शंकू, म्हणजे बियांची बोंडं, सुकून उघडतात आणि ओट्सच्या दाण्याएवढं बी खाली राखेत पडतं. कित्येक वर्षं पार्कवाल्यांनी प्रत्येक आग विझवली तर नवी रोपंच येईनात, मग 1960च्या दशकात स्वतःच छोट्या आगी लावायला लागले. आता पुन्हा उलटं, वणवे एवढे मोठे की 2020 मध्ये हजारो म्हातारी झाडं गेली, आणि 2021 मध्ये शर्मनच्या बुंध्याला चक्क ॲल्युमिनियमचं जाड आवरण गुंडाळलं होतं, आपण डब्यात पोळ्या गुंडाळतो तसं.

तर हे असं आहे. आमच्या सासूबाईंना विचाराल तर त्या झाडाचं सांगणारच नाहीत, बामाचं सांगतील.