तुम्ही विचारलंत म्हणून : ‘संशयकल्लोळ’च का?

जळगावात प्रयोगानंतर रंगपटात भेटायला येणारे बरेच जण विचारतात, की आम्हा हौशी मंडळींनी इतक्या जुन्या संगीत नाटकाचा घाट का घातला. याचे उत्तर तसबिरीच्या प्रवेशात आहे.

रस्त्यात मूर्च्छा आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतात, ते त्यांची पत्नी कृत्तिका पाहते. रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, आश्विनशेठची, तसबीर तिथेच पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती न्याहाळत असतानाच फाल्गुनराव तिला गाठतात. दोघांनीही डोळ्यांनी पाहिले ते खरेच असते, काढलेला अर्थ तेवढा चुकीचा. आणि प्रेक्षकाला हे सारे आधीच ठाऊक असल्यामुळे पुढच्या प्रत्येक वाक्याला हशा पिकतो. तालमीत आम्ही सर्वाधिक वेळ इथेच दिला. कृत्तिकेने तसबिरीवरची नजर लगेच काढली, तर फाल्गुनरावांच्या संशयाला आधारच उरत नाही. ती क्षणभर अधिक रेंगाळली, की पुढचे सगळे भांडण पटते. फाल्गुनरावांना बावळट दाखवणे मला मुळीच मान्य नाही. त्यांची तगमग खरी वाटली पाहिजे, विनोद त्यातूनच येतो.

गोविंद बल्लाळ देवलांनी आर्थर मर्फी यांच्या १७६१ सालच्या इंग्रजी नाटकावरून हे आधी गद्यात रचले. पदांसह ते गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये, म्हणजे देवलांच्या निधनाच्याच वर्षी, रंगभूमीवर आणले. त्यात बालगंधर्व रेवती होते आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव.

खानदेशात करायचे तर सगळे अहिराणीत का नाही, असेही काही जण विचारतात. देवलांच्या संवादांची लय मोडायला मन धजले नाही. फक्त नोकर भादव्याच्या तोंडी आम्ही अधूनमधून अहिराणी घातली, आणि ती लोकांना फार आवडते.

पदे मात्र आटोपशीर केली, कारण आजचा प्रेक्षक रात्रभर बसत नाही. ‘कर हा करी धरिला शुभांगी’ हे आश्विनशेठचे पद तेवढे पूर्ण ठेवले. रेवती नायकिणीची, म्हणजे गणिकेची, मुलगी आहे आणि आश्विनशेठला तिच्याशी लग्नच करायचे आहे. त्या काळी या निर्धाराला केवढे मोल होते, हे लक्षात घेता त्या पदातली एकही ओळ गाळणे मला योग्य वाटले नाही.